काकू, यादीत ‘मराठी’ छापून आलं

ती. काकूंना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही शार्लटला लेकीकडे राहायला गेलात, त्याला आता सहा महिने होत आले. दर वसंतात शाळेच्या डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या विभागाकडून, येणारं ते लांबलचक बातमीपत्र यंदा पहिल्यांदाच मी एकटीने वाचलं. रविवारी दुपारी, चहा ठेवून, त्याच टेबलावर. चार वर्षं ते तुम्ही माझ्यासोबत बसून वाचलंत, म्हणून यंदा बातम्या मी तुम्हाला कळवायच्या असं ठरवलं. आणि पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते चार माणसांना कळायला हवं, आणि तुम्ही स्वतः ते कधीच सांगणार नाही.

आधी मोठी बातमी. बारावीच्या ज्या मुलांना ‘सील ऑफ बायलिटरसी’, म्हणजे दोन भाषा येत असल्याची मोहर, मिळणार आहे, त्यांची यादी मार्चच्या पत्रात आली. नावापुढे भाषा छापली आहे. स्पॅनिश, स्पॅनिश, मँडरिन, हिंदी, पुन्हा स्पॅनिश, तेलुगू, आणि मग आमच्या लेकीच्या नावापुढे ‘मराठी’. निकाल मी तुम्हाला फोनवर सांगितलाच होता, पण छापलेली यादी बघणं वेगळं. मी फोन मोठा करून करून तो एकच शब्द बघत बसले. आणि डोळ्यापुढे आला तो चार वर्षांपूर्वीचा फॉर्म.

2022 च्या फेब्रुवारीत आम्ही संगमनेरहून इथे, मध्य न्यू जर्सीत आलो. लेक आठवीत होती, सेमी इंग्रजीची. कॉम्प्लेक्सच्या लाँड्री रूममध्ये मी आईशी फोनवर बोलत होते. “कागद अपुरे पडलेत गं, पोरीला शाळेत घेईनात,” एवढंच म्हणाले असेन. ड्रायरमधून चादरी काढता काढता तुम्ही वळलात आणि म्हणालात, “नगरकडच्या का तुम्ही? कुठला कागद कमी पडतोय?”

रहिवासाचा पुरावा कमी पडत होता. भाडेकरार होता, पण विजेचं बिल यायला अजून महिना होता. तुम्ही तिथेच उभ्या उभ्या सांगितलंत, बँकेचं पत्र आणि गाडीच्या विम्याचा कागद घेऊन जा आणि चालेल का असं विचारा. चाललं. त्यानंतर टीबीची चाचणी आली. लेकीच्या हातावर मँटूची सुई टोचली आणि दोन दिवसांनी तिथे लाल गाठ आली. नर्सने ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं आणि माझे हातपाय गळाले. आमच्या घरात टीबीने माणूस गेलेला आहे, हे तुम्हाला तेव्हा ठाऊकही नव्हतं. तुम्ही तिची दुसरी बाही वर केलीत आणि दंडावरचा बीसीजीचा वण दाखवलात. “आपल्याकडच्या पोरांना लहानपणी ही लस दिलेली असते, त्यामुळे कधीकधी ही चाचणी फसते. डॉक्टरांकडे रक्ताची तपासणी मागा.” ती केली, निगेटिव्ह आली, आणि लेक वर्गात बसली. सतरा वर्षं प्राथमिक शाळेत लंच एड म्हणून, म्हणजे जेवणाच्या वेळी मुलांकडे बघायचं, काम करताना तुम्ही अशी किती घाबरलेली घरं बघितली असतील!

पण मला सांगायचं आहे ते त्या एका पानाबद्दल. प्रवेशाच्या कागदांत घरच्या भाषेची प्रश्नावली असते. मूल सगळ्यात आधी कोणती भाषा बोलायला लागलं? घरात तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता? मला एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर सांगितलं होतं की सगळीकडे इंग्रजीच लिहा, नाहीतर पोरीला मागच्या वर्गात टाकतील. मी पहिलं अक्षर लिहिलंही होतं. तुम्ही पेनावर हात ठेवलात.

“पोरगी पहिला शब्द काय बोलली?”

“आई.”

“मग तेच लिहा.”

मी ते खोडलं आणि मराठी लिहिलं. लेकीला मागे कुणी टाकलं नाही. इंग्रजीची पारख करणारी एक परीक्षा झाली आणि रोज एक तास ईएसएलचा, म्हणजे घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवायचा, वर्ग मिळाला, बाकीचे तास आठवीचेच. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना नुसतं वर्गात बसवून ठेवणं पुरेसं नाही, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये सांगितलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या घरच्यांनी तो खटला लढवला होता. हे मला खूप नंतर वाचायला मिळालं. त्या दिवशी मी खोटं लिहिलं असतं, तर ज्या मदतीवर माझ्या लेकीचा हक्क होता तिच्यावर मीच पाणी सोडलं असतं. तिचा पहिला महिना तसाही अवघड होता. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, उच्चार नवे, बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत. 7 मार्चला राज्यातल्या शाळांमधली मास्कची सक्ती उठली आणि संध्याकाळी ती घरी येऊन म्हणाली, “आई, आज टीचर काय म्हणतायत ते दिसलं.” त्या वर्षी पाडवा 2 एप्रिलला, शनिवारी आला. गुढीला बांधायला कडुनिंब नव्हता, तुम्ही फोर्सिथियाच्या पिवळ्या फुलांची डहाळी आणलीत.

मग आपले रविवार सुरू झाले. डिस्ट्रिक्टची ईमेल म्हणजे माझ्यासाठी डोंगर होता. नववीला कोणते विषय घ्यायचे, गणिताची कुठली पायरी, बालवाडीची नोंदणी, वसंतातली सुट्टी, कॉन्सर्टला काळी पँट आणि पांढरा शर्ट. तुम्ही वाचून दाखवायच्या नाहीत, माझ्याकडून वाचून घ्यायच्या. अडलं की थांबायचं, आणि तो शब्द वहीत लिहायचा. ती वही मी जपून ठेवली आहे. पहिल्याच पानावर ‘अर्ली डिसमिसल’ लिहिलंय, आणि तरी पुढच्या वसंतात मी त्यातच चुकले.

धाकटा तेव्हा बालवाडीत होता. त्या दिवशी शाळा दुपारी लवकर सुटणार होती आणि मी मोठीला घेऊन दाताच्या डॉक्टरांकडे बसले होते. घ्यायला मोठं माणूस नसलं की बालवाडीच्या मुलाला बसमधून उतरवत नाहीत, बस त्याला परत शाळेत घेऊन जाते. मी धावत पोचले तेव्हा मुलं केव्हाच गेली होती. कॅफेटेरियात अर्धे दिवे बंद होते आणि एका टेबलाशी तुम्ही त्याच्याशेजारी बसला होतात, कोट घालून, घरी निघायच्या तयारीत. त्याला दुधाच्या खोक्याचं तोंड उघडता येत नव्हतं. तुम्ही ते उघडून दिलं नव्हतं. त्याची दोन बोटं धरून दाखवत होतात: इकडून मागे, इकडून मागे, आता चिमूट आणि पुढे ओढ. उघडलं. त्याने वर बघितलं, मी दिसले, आणि रडायचं सोडून मला म्हणाला, “मी उघडलं.” तुम्ही मला एका शब्दानेही बोलला नाहीत. किती वेळ तुम्ही तिथे थांबला होतात, तेही मला सांगितलं नाहीत. ते ऑफिसमधल्या बाईंकडून कळलं. पाऊण तास.

2024 चा वसंत मात्र वाईट होता. राज्याने 2018 च्या कायद्याने शाळांच्या मदतीचं फेरवाटप सुरू केलं होतं आणि त्या वर्षी अनेक डिस्ट्रिक्टची मदत घटली. आपलीही घटली. घरपट्टीतून भरून काढावं, तर ती रक्कमही वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, काही मोजके अपवाद सोडले तर. बजेटच्या कागदात ईएसएलच्या दोन शिक्षिकांच्या जागा कमी करायचा प्रस्ताव होता. त्यातल्याच एकीने माझ्या लेकीला पहिला निबंध लिहायला शिकवला होता. मी हळहळले आणि म्हणाले, आम्ही काय करणार, आम्हाला मत नाही. तुम्ही म्हणालात, “मत नसलं तरी तीन मिनिटं आहेत. बजेटच्या सुनावणीला कुणीही बोलू शकतं.”

ती तीन मिनिटं तुम्ही माझ्याकडून किती वेळा म्हणवून घेतलीत! ओव्हनच्या टायमरवर. पहिल्यांदा पाच मिनिटं झाली, तेव्हा तुम्ही म्हणालात, “राज्याचं सगळं काढून टाका, पोरीचं ठेवा.” एप्रिलच्या शेवटच्या त्या संध्याकाळी हायस्कूलच्या सभागृहात मी माइकपाशी उभी राहिले. हातातला कागद हलत होता. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला होतात आणि मी तुमच्याकडे बघूनच बोलले. बाहेर आल्यावर एक कोरियन आई माझा हात धरून काही न बोलता उभी राहिली. दोनपैकी एक जागा वाचली. दुसऱ्या बाईंना 15 मेच्या आत कळवायचं म्हणून पत्र गेलं, पुढच्या वर्षी नेमणूक नाही. त्यांच्यासाठी मला अजून वाईट वाटतं. तुम्ही त्यांच्या घरी पुरणपोळ्या घेऊन गेलात, मलाही नेलंत.

आणि सीलची कल्पनाही तुमचीच. कॅलिफोर्नियात 2011 च्या कायद्याने हे सुरू झालं, न्यू जर्सीत 2016 मध्ये आलं, हे सगळं तुम्ही कुठून काढलं होतंत कोण जाणे. इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा ठरावीक पातळीपर्यंत येते असं परीक्षेने दाखवलं, की राज्य डिप्लोमाबरोबर तशी मोहर देतं. शाळेतून सुचवलं की स्पॅनिशची परीक्षा दे. तुम्ही विचारलंत, “मराठीची का नाही?” परीक्षेच्या भाषांची यादी शोधून मराठीपाशी बोट ठेवलंत आणि त्याची प्रत लेकीच्या हातात दिलीत, काउन्सेलरला दाखवायला. परीक्षा संगणकावर, लिहिणं आणि बोलणं. बोलायची तिला भीती नव्हती. हाताने लिहायचीही नव्हती. पण देवनागरी टाइप करायची सवय नव्हती. गेल्या सप्टेंबरात तुमचं घर खोक्यांत भरलं जात होतं, आणि त्या खोक्यांवर लॅपटॉप ठेवून ती रोज संध्याकाळी तुम्ही सांगाल ते टाइप करत होती. तुमच्या मिरजेच्या आठवणी. ‘ज्ञ’ सापडला तेव्हा ती किती मोठ्याने ओरडली, आठवतं? ती फाइल आहे तिच्याकडे. अकरा पानं झाली.

आता बाकीच्या बातम्या. बर्फाच्या सुट्ट्या यंदा जास्त झाल्या, म्हणून शाळेचे 180 दिवस भरायला वसंतातल्या सुट्टीचे दोन दिवस कापले. मार्चमध्ये घड्याळं पुढे गेली, तेव्हा बससाठी पुन्हा अंधारात उठलो, पण या वेळी रात्रीच सगळी घड्याळं बदलून ठेवली होती. धाकटा तिसरीत आहे, त्याची राज्याची पहिली परीक्षा मेमध्ये. त्याला मुळीच भीती वाटत नाही, मलाच वाटते. स्प्रिंग कॉन्सर्टमध्ये तो रेकॉर्डर, ती बासरीसारखी पिपाणी, वाजवणार आहे आणि सध्या घरात दिवसभर तेच चाललंय. शाळेच्या दारातली चेरी फुलून गेली, आता पाकळ्या बसच्या पायऱ्यांवर. तुमच्या जागी नव्या बाई आल्या आहेत, चांगल्या आहेत. बालवाडीची मुलं अजून तुम्हाला विचारतात असं ऑफिसमधल्या बाई सांगत होत्या. दुधाचं खोकं उघडता न येणारं मूल दिसलं, की तिसरीची पोरं स्वतः जाऊन दाखवतात. ती सगळी तुमच्या हाताखालून गेलेली आहेत.

काकू, मी तुम्हाला आजवर नीट ‘आभारी आहे’ म्हटलेलं नाही. तुम्ही दर वेळी “त्यात काय एवढं” म्हणून विषय बदलत आलात. आज तुम्हाला विषय बदलता येणार नाही म्हणून लिहिते. पेनावर ठेवलेल्या त्या हातासाठी, त्या पाऊण तासासाठी, दुसऱ्या रांगेसाठी मी तुमची मनापासून आभारी आहे. लेकही आहे. तिचं पत्र वेगळं येईल, हाताने लिहिलेलं.

ग्रॅज्युएशन जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, फुटबॉलच्या मैदानावर. प्रत्येक घराला चार तिकिटं. मी, हे, धाकटा आणि तुम्ही. पाऊस आला तर कार्यक्रम जिममध्ये होतो आणि घराला दोनच तिकिटं मिळतात. तसं झालं तर ह्यांनी आणि धाकट्याने घरी बसून लाइव्ह बघायचं आताच कबूल केलंय. विमान नेवार्कचं घ्या आणि वेळ कळवा, मी न्यायला येते. गुडघ्याचा पट्टा आणायला विसरू नका, मैदानाच्या पायऱ्या उंच आहेत.

तुमची,
खालच्या मजल्यावरची संगमनेरकरीण