आप्पांच्या मेडलांविषयी सुधीरला

इंदूर,
कार्तिक पौर्णिमा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या आप्पांची ट्रंक उघडली, फौजेतून निघताना मिळालेलं डिस्चार्ज बुक हाती लागलं आणि त्यात पासष्टच्या लढाईच्या मेडलांचा पत्ताच नाही, हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, वाईट मात्र फार वाटलं. तू विचारलंस, एवढ्या वर्षांनी हे उकरून काढण्यात अर्थ आहे का? काकू म्हणतात, माणूसच गेला, आता मेडल घेऊन काय करायचं? अर्थ आहे, सुधीर. काकूंना माझा नमस्कार सांग आणि मी हे अगदी ठामपणे म्हणतोय असंही सांग. बाबांच्या बाबतीत आम्ही याच वाटेने गेलोय, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितो. पत्र लांबेल, पण फोनवर हे सांगून होणार नाही.

बाबा सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलात, होते हे तुला माहीत आहेच. आपण शाळेत होतो तेव्हा ते महूला होते आणि शनिवारी संध्याकाळच्या मीटरगेज गाडीने घरी यायचे. महू म्हटलं की आपल्या मराठी घरांत आधी बाबासाहेबांचं जन्मगाव आठवतं, त्यांचे वडीलही तिथे सुभेदार होते. मला मात्र महू म्हटलं की हातात डबा घेऊन स्टेशनातून बाहेर पडणारे बाबा दिसतात. लढाईबद्दल ते तेव्हा काही बोलत नसत. विचारलं तर म्हणायचे, "आम्ही वायर टाकायचो रे."

ती वायर त्यांनी कुठे टाकली होती, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. १९७१ च्या डिसेंबरात ते एका ब्रिगेडच्या लाइन पार्टीत, म्हणजे फोनची केबल टाकणाऱ्या टोळीत, होते. मेघालयाच्या बाजूने खाली पूर्व पाकिस्तानात उतरलेली फौज. कमालपूरची चौकी ४ डिसेंबरला पडली, मग ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूर. तिथे आपली पहिली मराठा, जंगी पलटण, शत्रूच्या पाठीमागचा रस्ता अडवून बसली होती. ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांनी शरण येण्याची चिठ्ठी पाठवली आणि उत्तरात समोरच्या बलुच पलटणीच्या कर्नलने बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, हा किस्सा आता सगळीकडे छापून आलाय. बाबांना तो तिथेच, चहाच्या मगाबरोबर कळला होता. क्लेर साहेब मूळचे सिग्नल्सचे. त्यांना पुढे महावीर चक्र मिळालं. "आमचे साहेब" म्हणताना बाबांचा आवाज आजही बदलतो.

लाइन तुटली की काय करायचं, ते त्यांनी मला एकदा करून दाखवलं. गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी हातात धरली, डोळे मिटले आणि दोरी तळव्यातून सरकवत चालू लागले. रात्री दिवा लावायचा नाही. केबल हाताला लागली की तिच्या आधाराने पुढे जायचं, जिथे टोक हाताला टोचेल तिथे थांबायचं, दुसरं टोक अंधारात चाचपून शोधायचं, दातांनी सोलून जोडायचं आणि फोन लावून पलीकडचा आवाज येतो का बघायचं. बैलगाड्यांच्या चाकांखाली केबल तुटायची, गोळ्यांनी तुटायची. तळव्याची साल निघायची. ज्या रात्री बलुच पलटणीने वेढा फोडून निसटायचा प्रयत्न केला आणि मराठ्यांच्या तोंडावर आली, त्या रात्री बाबा अशाच एका लाइनवर होते. ११ तारखेला जमालपूर आपल्या ताब्यात आलं.

पुढे तंगैलच्या वाटेवर त्यांना ताप भरला. मलेरिया. उचलून मागे इस्पितळात आणलं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या तेव्हा ते खाटेवर होते. बरे झाल्यावर त्यांना आपल्या जुन्या तुकडीत न पाठवता दुसऱ्याच तुकडीत धाडलं, आणि घोळ झाला तो इथे.

फौजेत कुठलीही गोष्ट पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे तुकडीच्या अधिकृत नोंदीच्या हुकमात, छापून आल्याशिवाय घडलेली धरत नाहीत. लग्न, मूल, रजा, बढती, इस्पितळ, मेडल, सगळं. माझा जन्मसुद्धा तसा छापलेला आहे. लढाईनंतर प्रत्येक तुकडीने आपापल्या माणसांची नावं मेडलांसाठी छापली. जुन्या तुकडीने बाबांचं नाव पटावरून कमी केलेलं होतं. नव्या तुकडीला वाटलं, लढाईत ते आमच्याकडे नव्हते, तेव्हा हे आधीच्या तुकडीचं काम. कुणी मुद्दाम काही केलं नाही, पण दोन्हीकडून नाव राहिलं. बाबा वाट बघत राहिले, मग वाट बघायचीही सोडली आणि १५ वर्षांची नोकरी करून घरी आले. डिस्चार्ज बुकातल्या मेडलांच्या रकान्यात सैन्य सेवा मेडल आहे, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं आहे, नऊ वर्षांच्या सेवेचं आहे. एकाहत्तरच्या पूर्व आघाडीचा पूर्वी स्टार नाही. संग्राम मेडल नाही. संग्राम तर ३ डिसेंबर १९७१ पासून २० डिसेंबर १९७२ पर्यंत लढाईच्या इलाख्यात असलेल्या सगळ्यांसाठी होतं. तेही नाही.

विजयाला ५० वर्षं झाली तेव्हा इथल्या माजी सैनिकांना एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं. मेडल लावून या, असं कळवलं होतं. आदल्या दिवशी मी बाबांना घेऊन महूच्या बाजारात गेलो, जुनी मेडलं नव्या फितीवर बसवून घ्यायला. दुकानदाराने विचारलं, एकाहत्तरचे ना? आणि काचेखालून पूर्वी स्टार काढून समोर ठेवला. तयार मिळतो, विकत. त्याचा हेतू चांगलाच होता. बाबांनी तो हातात घेतला, पाच टोकांवरून अंगठा फिरवला, उलटा केला. मागची बाजू कोरी. खऱ्या मेडलावर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. त्यांनी तो परत ठेवला आणि म्हणाले, "हा माझा नाही." परत येताना बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत. तेव्हाच मी ठरवलं की हे आता सोडायचं नाही.

सुरुवात शीट रोलपासून केली, तीच तूही कर. डिस्चार्ज बुक म्हणजे सारांश. माणूस कुठल्या दिवशी कुठे होता ते शीट रोलमध्ये असतं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. आमच्याकडे प्रत आली ती अंधूक झेरॉक्स होती. बाबा भिंग घेऊन बसले. एका ओळीत तुकडीतून नाव कमी झाल्याची तारीख, तिच्याखाली इस्पितळात भरती झाल्याची, त्याखाली नव्या तुकडीची. सगळ्या नोंदी १९७१ च्या डिसेंबरातल्या आणि १९७२ च्या जानेवारीतल्या. इस्पितळाच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं ते बराच वेळ उचललंच नाही. लढाईच्या इलाख्यातून माणूस मागे आणल्याची नोंद सरकारच्याच कागदावर पहिल्यापासून होती, फक्त ती कुणी मेडलांच्या यादीशी ताडून पाहिली नव्हती.

दुसरा कागद आईने दिला. तिने बाबांची सगळी पत्रं लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेली. त्यातल्या एका आंतर्देशीय पत्रावर ९९ एपीओचा, म्हणजे फौजेच्या टपालाचा, पत्ता आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का, डिसेंबर १९७१. आत एवढंच की थंडी आहे, स्वेटर पोचला, काळजी करू नये. आईला ते पत्र अर्जाला जोडायचं नव्हतं. तिचं बरोबरच होतं, झेरॉक्सवर काम भागलं. तिसरा कागद भिंडच्या एका हवालदार साहेबांचं प्रतिज्ञापत्र. दोघे एकाच लाइन पार्टीत होते. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते, पण नाव सांगताच बाबांचा आर्मी नंबर त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवला. नोटरीला घरी आणावं लागलं. सही करताना हात थरथरत होता म्हणून त्यांनी ती पुन्हा केली, नीट यावी म्हणून.

मग रेकॉर्ड ऑफिसला सविस्तर अर्ज. पहिलं उत्तर दोन ओळींचं: नोंद आढळत नाही. अशा उत्तराने माणूस खचतो, म्हणून तुला आधीच सांगून ठेवतो. "नोंद नाही" याचा अर्थ "हक्क नाही" असा होत नाही. आम्ही पुन्हा लिहिलं, या वेळी तारखा एकाखाली एक मांडून, प्रत्येक तारखेसमोर त्यांच्याच कागदाचं पान लिहून. चिडून एक अक्षर लिहिलं नाही. तिकडे बसलेला क्लार्क पंचवीस-तीस वर्षांचा असणार, त्याच्या जन्माआधीची ही गोष्ट. त्याच्या हातात सगळं आयतं पडलं तर तो मदतच करतो, असा माझा तरी अनुभव आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका सुभेदार साहेबांनी अर्जाची भाषा फौजेच्या वळणाची करून दिली, त्याचाही उपयोग झाला.

गेल्या महिन्यात पार्ट टू ऑर्डरची प्रत आली. दोन्ही मेडलांसाठी बाबांचं नाव, नंबर, हुद्दा, सगळं छापलेलं. डिस्चार्ज बुक दुरुस्तीला पाठवलं होतं, तेही आलं. मेडलांच्या रकान्यात लाल शाईने दोन नवी नावं, बाजूला गोल शिक्का आणि अधिकाऱ्याची सही. प्रत्यक्ष मेडलं अजून यायची आहेत. बाबांनी त्याची चौकशीसुद्धा केलेली नाही. ते बुक त्यांनी हवालदार साहेबांना दाखवायला भिंडला न्यायला लावलं. या वयात तेवढा प्रवास नको म्हणत होतो, पण ऐकले नाहीत. दोघं म्हातारे त्या पानाकडे बघत राहिले आणि मग लगेच तिसऱ्याच कुणाबद्दल बोलायला लागले, जो परत आला नव्हता.

पैशाचं म्हणशील तर या मेडलांनी पेन्शन एक रुपयानेही वाढत नाही. माझ्या मेव्हण्याने पहिल्यांदा हेच विचारलं, काय मिळणार? मला त्याचा राग आला. ज्या डिसेंबरात माणूस तळव्यांची साल काढत अंधारात चालला, त्या डिसेंबरात तो कुठे होता हे सरकारच्या वहीत लिहिलेलं असायला हवं. ही मेहेरबानी मागणं नाही. आप्पा लाहोरजवळच्या इच्छोगिल कालव्याच्या गोष्टी सांगायचे, आपण दोघं तोंड उघडं टाकून ऐकायचो. उद्या तुझ्या नातवाने ते बुक उघडलं तर त्याला वाटेल पणजोबा घरीच बसले होते.

तेव्हा आता आप्पांचं. पासष्टसाठी दोन मेडलं बघ. एक समर सेवा स्टार, ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६ या काळात लढाईच्या इलाख्यात असलेल्यांसाठी. दुसरं रक्षा मेडल, ते त्या ५ ऑगस्टला फौजेत असलेल्या आणि तोवर १८० दिवस सेवा झालेल्या सगळ्यांसाठी. आप्पा तेव्हा चार वर्षं जुने होते, म्हणजे रक्षा मेडल तर हमखास असायला हवं. अर्ज काकूंच्या नावाने, त्यांच्या सहीने कर आणि कुटुंब पेन्शनच्या पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत जोड. मूळ बुक आधीच पाठवू नकोस, साक्षांकित प्रत पाठव. दुरुस्तीसाठी त्यांनीच मागितलं तरच मूळ, आणि तेही प्रत्येक पानाचा फोटो काढून. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बुकात, पीपीओत आणि आधारवर एकच आहे का ते बघ. तुमच्या आडनावात गोंधळ होण्यासारखा आहे, आणि तसं असेल तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून घे. पेन्शन न मिळालेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात, फक्त लाँग रोल, म्हणजे नावांची कायमची नोंदवही, ठेवतात. आप्पा पेन्शनर, त्यामुळे शीट रोल असेल अशी मला पक्की आशा आहे.

पण कागदाआधी माणसं गाठ. पासष्टला वीस वर्षांचा असलेला जवान आज ऐंशीच्या पुढे आहे. तुमच्या साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात चौकशी कर, तिथे घरटी फौजी आहेत, आप्पांच्या पलटणीतलं कुणी ना कुणी निघेल. याच आठवड्यात जा. अर्ज पुढच्या महिन्यात गेला तरी चालेल.

सशस्त्र दल न्यायाधिकरणापर्यंत जायची पाळी येऊ नये. आलीच तर सातारा मुंबईच्या खंडपीठाकडे येतं. ते तेव्हा बघू.

बाबांनी तुला आशीर्वाद सांगितलेत. त्यांना विचारलं, सुधीरला काय लिहू? म्हणाले, आप्पांच्या कंपनीचं नाव विचार, ए, बी, सी की डी, त्याशिवाय कुणी ओळखणार नाही. तेवढं काकूंना आठवतं का बघ आणि मला कळव. शीट रोलची प्रत आली की फोटो काढून पाठव, बाबा भिंग घेऊन तयार आहेत.

तुझा,
अनिल