वडिलांचा ॲम्प्लिफायर आणि पांढरी डबी

मिरज,
दि. २६ नोव्हेंबर २०२३

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दिवाळीच्या गडबडीत आले, म्हणून उत्तराला उशीर झाला. वडिलांचा ॲम्प्लिफायर आणि ते दोन लाकडी स्पीकर भंगारवाल्याच्या काट्यावर न चढवता तू ठाण्याला नेलेस, हे फार चांगले केलेस. आता मोबाइलमधले गाणे त्यांच्यापर्यंत कसे पोचवायचे, ब्लूटूथची स्वस्तातली डबी पुरेल की माझ्या माडीवर पाहिलेल्या त्या पांढऱ्या चौकोनी राउटरसारखे काही घ्यावे, असे तू विचारले आहेस. माझे मत सरळ सांगतो : त्या राउटरसारखेच काहीतरी घे, मात्र इंटरनेटसाठी घेऊ नकोस, गाण्यासाठी घे. एवढे उमगायला मला काही वर्षे लागली, त्यामुळे पत्र जरा लांबणार आहे.

माझ्याकडचा तो राउटर म्हणजे ॲपल कंपनीचा एअरपोर्ट एक्स्प्रेस. २०१३ साली भाचा अमेरिकेतून आला तेव्हा त्याला तो आणायला सांगितला होता, तो निव्वळ गरज म्हणून. आमच्या घराच्या भिंती तुला ठाऊक आहेत. सोप्यातून मारलेली हाक माजघरात धड ऐकू येत नाही, तिथे वायफायची काय कथा. टेलिफोनची तार सोप्यात, ब्रॉडबँडचा मोडेम सोप्यात आणि मुलाचा अभ्यास माडीवर. शेवटी जिन्याच्या कडेने नेटवर्कची तार वर चढवली, तिच्या टोकाला हा राउटर लावला आणि माडीला स्वतंत्र वायफाय मिळाले. साधारण दहा सेंटिमीटरची चौकोनी डबी, उंची जेमतेम दोन बोटे. इथल्या प्लगला बसणारी विजेची वायर येईपर्यंत काय करावे या विचारात असताना असे दिसले, की तिच्या पाठीवरचे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे भोक आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या वायरचेच आहे. अडगळीतली ती वायर काढून लावली आणि आजतागायत तीच चालू आहे. डबी १०० ते २४० व्होल्टवर चालते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरची भानगड नव्हती.

तिच्या पाठीला आणखी एक भोक होते, हेडफोनचे असते तसे, आणि वर्षभर मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. खरे तर या यंत्राचे वेगळेपण त्यातच होते. पहिला एअरपोर्ट एक्स्प्रेस जून २००४ मध्ये १२९ डॉलरला आला, तेव्हा तो मोबाइलच्या चार्जरचा थोरला भाऊ दिसावा असा, थेट भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचा ठोकळा होता. त्याला तीनच भोके : एक नेटवर्कच्या तारेचे, एक प्रिंटरचे आणि एक आवाजाचे. हॉटेलच्या खोलीत वायफाय करून घेण्यासाठी प्रवासी लोक तो पिशवीत टाकून नेत. पण त्याच्यासोबत एअरट्यून्स नावाची जी सोय आली, तिच्यामुळे संगणकातले गाणे वायफायवरून दिवाणखान्यातल्या स्टिरिओवर वाजू लागले. तीच सोय २०१० साली एअरप्ले या नावाने आयफोनवर आली. माझ्याकडची बसकी चौकोनी डबी ही २०१२ ची, ९९ डॉलरची आवृत्ती. ॲपलने राउटर बनवणे एप्रिल २०१८ मध्ये बंद केले आणि गंमत अशी, की त्यानंतर चार महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, या बंद पडलेल्या मालासाठी नवे फर्मवेअर, म्हणजे डबीच्या आत चालणारा प्रोग्राम, काढून त्याला एअरप्ले २ दिले, म्हणजे एकाच मोबाइलवरून अनेक खोल्यांत एकाच वेळी गाणे वाजवण्याची सोय. दुकान बंद केल्यावर जुन्या गिऱ्हाइकाला घरी बोलावून फराळ द्यावा, तसाच हा प्रकार.

आता ब्लूटूथ का नको, ते सांगतो. सीडीवरच्या दोन बाजूंच्या आवाजाला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथची सर्वसाधारण पद्धत हा आवाज तीनशेच्या आसपास किलोबिटांत कोंबते, म्हणजे काहीतरी टाकून देते. आणि मोबाइलमध्ये गाणे आधीच आवळलेले असेल, तर आवळलेल्याला पुन्हा आवळते. एअरपोर्ट एक्स्प्रेसकडे जाणारा आवाज घडी घालून जातो, पण काही न टाकता. तिकडे घडी उलगडली की सीडीच्या प्रतीचा आवाज जसाच्या तसा मिळतो. ढोलकी-ताशात हा फरक तुला कदाचित जाणवणार नाही. तंबोऱ्यात जाणवतो. आमच्या गावात तंबोरे बनतात, जवारी काढण्याचे, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद खुलवण्याचे, काम लहानपणापासून पाहत आलो आहे, म्हणून माझा कान तिथे अधिक हटवादी असेल. पण तंबोऱ्याचा अखंड नाद चालू असताना ब्लूटूथने अर्ध्या क्षणाचा जरी खंड पाडला, तरी कापडात सुई टोचावी तसा तो कळतो. शिवाय मोबाइल खिशात घेऊन परसात गेले की ब्लूटूथचा धागा तुटतो. वायफाय जिथवर आहे तिथवर हे गाणे तुटत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, नाहीतर बिघाड समजून मला फोन करशील. जुन्या एअरप्लेमध्ये मोबाइलवर कळ दाबल्यानंतर स्पीकरपर्यंत आवाज पोचायला सुमारे दोन सेकंद लागतात, कारण वायफायमध्ये धक्का बसला तरी गाणे अडखळू नये म्हणून डबी तेवढा साठा जवळ बाळगते. पहिल्या दिवशी मी गाणे थांबवले, तरी बुवांनी तान पुरी करूनच श्वास घेतला. हसून हसून पुरेवाट झाली होती. गाण्याला या दोन सेकंदांनी काही बिघडत नाही. पण चित्रपट पाहताना ओठ आधी आणि शब्द मागून, असे होऊ शकते, तेव्हा टीव्हीचा आवाज या वाटेने आणायच्या फंदात पडू नकोस.

सगळ्यात मोठा घोळ झाला तो तीन वर्षांपूर्वी, घरात फायबर आले तेव्हा. जोडायला आलेल्या मुलाने सोप्यात नवा डबा बसवला, माडीवर जाणारी जुनी तार त्याला जोडून दिली, सगळ्यांचे मोबाइल नव्या वायफायवर टाकले आणि तो निघून गेला. त्या संध्याकाळपासून मोबाइलच्या यादीतून माझा स्पीकर नाहीसा झाला. डबीवरचा हिरवा दिवा शांतपणे जळतो आहे, माडीवर नेट चालू आहे आणि गाणे मात्र नाही. मी डबी मेली असे धरून चाललो आणि तीन आठवडे ती तशीच पडून राहिली. दोष तिचा नव्हता. घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटून देण्याचे काम एका राउटरने करायचे असते. आमच्याकडे फायबरचा डबाही पत्ते वाटत होता आणि एअरपोर्टही. एका सोसायटीला दोन सेक्रेटरी. खालचे मोबाइल १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर, माडीवरची डबी आपल्या १०.०.१ च्या वेगळ्या संसारात. आणि ‘मी इथे आहे’ अशी जी हाक ती नेटवर्कवर घालते, ती या दोन संसारांमधली भिंत ओलांडत नाही. उपाय पाच मिनिटांचा निघाला : एअरपोर्ट युटिलिटी नावाच्या ॲपमध्ये जाऊन त्या डबीला ब्रिज मोडवर टाकायचे, म्हणजे ती पत्ते वाटणे सोडून देते आणि मुख्य डब्याच्या घरातली सदस्य होते. यादीत नाव पुन्हा दिसले तेव्हा माडीवरून मी जी आरोळी ठोकली, ती मात्र माजघरापर्यंत पोचली.

तेव्हाच मला कळले की या डबीचे राउटर म्हणून आयुष्य संपले आहे आणि त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. तिची नेटवर्कची भोके सेकंदाला १०० मेगाबिटांपुढे जात नाहीत. माझे फायबरच आता २०० चे आहे. गाण्याला मात्र घडी घातल्यावर एक मेगाबिटही लागत नाही. जाळे विणण्याचे काम नव्या डब्याने नेले, गाणे हिच्याकडे राहिले.

तू घेताना काय पाहावेस? नवी मिळणारच नाही, सेकंडहँड शोधावी लागेल. डबीच्या खाली बारीक अक्षरात मॉडेलचा क्रमांक असतो. ए१३९२ असेल तरच घे, कारण एअरप्ले २ फक्त तिलाच मिळाले. भिंतीत खोचायचे ठोकळे, म्हणजे ए१०८४ आणि ए१२६४, कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत. त्यांतला विजेचा भाग आता म्हातारा झालेला असणार. तुझ्याकडे आयफोन आहे म्हणून हे सारे लिहितो आहे. वहिनींच्या अँड्रॉइडवरून वेगळे ॲप टाकल्याशिवाय तिच्याकडे गाणे जाणार नाही, हे आधीच त्यांच्या कानावर घाल.

ती मिळाली नाही तर दुसरी वाट आहे, आणि तिच्यामागची गोष्ट मला फार आवडते. एअरप्लेचा आवाज कुलूपबंद जातो आणि ते कुलूप उघडणारी किल्ली एअरपोर्ट एक्स्प्रेसच्या पोटात लपवलेली होती. २०११ साली जेम्स लेअर्ड नावाच्या गृहस्थाच्या मैत्रिणीने घर बदलले आणि नव्या घरात तिचा एअरपोर्ट एक्स्प्रेस वायफायशी जमेना. त्याने तो चिकटवलेला ठोकळा फोडला, आतल्या मेमरीतला मजकूर उपसला, किल्ली शोधून काढली आणि शेअरपोर्ट हा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. त्याचाच वंशज असलेला शेअरपोर्ट सिंक रास्पबेरी पाय नावाच्या पत्त्याच्या कॅटएवढ्या संगणकावर घातला, की तो संगणक एअरप्लेचा स्पीकर म्हणून यादीत हजर होतो. तुझ्या मुलीला असल्या खटपटींची आवड आहे. एका रविवारचे काम आहे. फक्त त्या पायच्या हेडफोनच्या भोकावर विसंबू नका, आवाजासाठी वेगळे छोटे कार्ड त्यावर बसवा.

जोडणीबद्दल दोनच सूचना. डबीतून निघणारी तार ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘ट्यूनर’ लिहिलेल्या भोकांत घाल, ‘फोनो’मध्ये चुकूनही नको, ते तबकडीच्या सुईचा क्षीण आवाज शंभरेक पटींनी वाढवण्यासाठी असते आणि तिथे ही तार लावलीस तर गाण्याऐवजी फाटका भोंगा ऐकू येईल. दुसरे, सगळे जोडल्यावर स्पीकरमधून भुंग्यासारखी घूं ऐकू आली तर घाबरू नकोस. आमच्याकडे ॲम्प्लिफायर एका बोर्डावर आणि त्यालाच जोडलेला केबलवाला टीव्ही दुसऱ्या बोर्डावर होता. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले आणि भुंगा उडून गेला.

तार मात्र अजून विकत घेऊ नकोस. आपल्याकडच्या त्या काळातल्या काही ॲम्प्लिफायरना लाल-पांढऱ्या पिनांची भोके नसून पाच टाचण्यांचे गोल सॉकेट असते, आणि त्याची तार वेगळी. वडिलांचा ॲम्प्लिफायर मी नेहमी समोरूनच पाहिला, हिरवी काच आणि तिच्यामागे थरथरणारा काटा. पाठ कधी पाहिली नाही. तेव्हा तो कपाटातून जरा पुढे ओढ, पाठीवरची धूळ पूस आणि एक फोटो काढून पाठव. गोल सॉकेट असेल, तर तशी तार इथल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून सोल्डर करून तयार करून घेतो आणि पुढच्या महिन्यात ठाण्याला येईन तेव्हा बरोबर आणतो.

वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा,
मिरजेचा मित्र