यू-बोल्ट ताणले गेले आणि दोष बसवणाऱ्याच्या माथी मारला गेला

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: जिप्सीसाठी घेतलेल्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) संचातील यू-बोल्ट निकृष्ट निघाल्याबद्दल आणि वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी माझ्या मारुती जिप्सी किंगसाठी पाट्यांचा पूर्ण संच विकत घेतला. चारही चाकांचे पाटे, शॉकअप, शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी हलती कडी), बुश आणि आठ यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) असा तो संच असून त्याचे ३४,००० रुपये मी आगाऊ भरले. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. संचाच्या खोक्यावर आणि जाहिरातीतही ठळक अक्षरांत लिहिले होते की हा संच घरच्या घरी, साध्या पान्यांनी बसवता येतो. यू-बोल्ट १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचे आहेत असेही लिहिले होते. ही दोन वाक्ये वाचूनच मी आपला संच निवडला.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. पाटे उतरवणे, सेंटर बोल्ट बदलणे, यू-बोल्ट आवळणे हे नोकरीभर माझे रोजचे काम होते. हे सांगण्याचे कारण एवढेच की वॉरंटी नाकारणाऱ्या आपल्या उत्तरात ‘अननुभवी व्यक्तीने केलेली जोडणी’ असा शब्दप्रयोग आहे. मी कोण, काय काम केले, कोणती हत्यारे वापरली, यातले काहीही न विचारता आपण तो केलात. तो मला लागला.

काम मी घराच्या अंगणात, सिमेंटच्या कोब्यावर केले. गाडी जॅकवर न ठेवता चेसिसखाली स्टँड लावले. जुने पाटे दबून सपाट झाले होते, मागच्या डाव्या बाजूचा मेन पाटा तडकला होता, म्हणून ही दुरुस्ती काढली. गाडीची उंची वाढवण्याचा हेतू कधीच नव्हता. आपला संचही मूळ उंचीचाच आहे. पाट्यांची बैठक घासून साफ केली, पाट्यांना मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके एक्सलच्या भोकात नीट बसल्याची खात्री केली आणि नट कोनाकोनाने, थोडे थोडे करत, वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या ठरलेल्या जोरापर्यंत) टॉर्क रेंचने आवळले. मॅन्युअल माझे स्वतःचे होते. आपल्या माहितीपत्रकात टॉर्कचा एकही आकडा नाही, फक्त ‘पूर्ण घट्ट करा’ एवढेच आहे.

त्या पत्रकाबद्दल आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. गाडी उचललेली असतानाच शॅकलचे बोल्ट पूर्ण आवळून टाका, असे त्यात सांगितले आहे. हे चुकीचे आहे. रबरी बुश असलेल्या पाट्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, वजन पडल्यावरच आवळायचे असतात. नाहीतर गाडी खाली येताच बुश पिळला जातो, तसाच पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. मला हे ठाऊक होते म्हणून मी ते पाळले नाही. पण ज्याने पहिल्यांदाच पाना हातात घेतला आहे, तो आपल्या पत्रकावर विश्वास ठेवणार. यू-बोल्ट काही अंतर चालल्यावर पुन्हा आवळावेत, कारण पाटे आपापल्या जागी बसतात आणि पकड सैल होते, हेही पत्रकात कुठे नाही.

मी ते पुन्हा आवळले, आणि तिथेच शंका आली. नवीन पाटे थोडे बसतात, नट थोडा फिरतो, ही नेहमीची गोष्ट. पण मागच्या डाव्या बाजूचे नट टॉर्क घेईनात. पाना फिरतच राहिला. हाताला जो कडकपणा लागायला हवा तो लागत नव्हता. बोल्ट ताणला जात असेल किंवा आटे जात असतील तेव्हा असे होते. त्याच दिवशी मी आपल्याला फोटोंसह ईमेल केला आणि बोल्टच्या मालाची तपासणी करा असे कळवले. आपले उत्तर आले की ‘सुरुवातीला सेटलिंग होणे सामान्य आहे, कृपया वापर सुरू ठेवावा’. हा ईमेल मी जपून ठेवला आहे. आपल्या तांत्रिक विभागातील एकाही माणसाने तो वाचला असता तर पुढचा प्रकार टळला असता, असे मला अजूनही वाटते.

पुढचा प्रकार असा. घाटघरहून भाताची पोती घेऊन मी जुन्नरकडे येत होतो, शेजारी भाचा बसला होता. वजन गाडीच्या मर्यादेत होते. आपटाळ्याच्या अलीकडे एका उतारावर ब्रेक दाबला आणि मागून जोरात आवाज आला. गाडीचा मागचा भाग एका बाजूला ओढला गेला. वेग कमी होता आणि समोरून कोणी येत नव्हते, म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला उभी करता आली. खाली वाकून पाहिले तर मागच्या डाव्या पाट्याचा सेंटर बोल्ट कातरला गेला होता, एक यू-बोल्ट सुटून लोंबत होता, दुसऱ्याच्या नटाचे आटे गेले होते आणि एक्सलचे डावे टोक मागे सरकले होते. ब्रेकचा रबरी होस इतका ताणला गेला होता की आणखी थोडे सरकले असते तर तो तुटून मागचे ब्रेकच गेले असते. भाचा रस्त्यावर उतरून कितीतरी वेळ काही बोलला नाही.

जिप्सीच्या बाबतीत हा बोल्ट किती महत्त्वाचा आहे हे आपल्याला माहीत असायलाच हवे, कारण आपण तिच्यासाठीच माल बनवता. जिप्सीत पाटे एक्सलच्या खालून जातात. पाटा एक्सलवर टेकलेला असेल तर यू-बोल्टचे काम दोन्ही वस्तू एकत्र धरण्याचे असते. इथे मात्र गाडीचे आणि मालाचे वजन पाट्यांवरून यू-बोल्टवर येते. गाडी अक्षरशः त्या बोल्टांवर टांगलेली असते. शिवाय ब्रेक मारताना एक्सल मागे ढकलला जातो, तेव्हा त्याला जागेवर धरणारी शक्ती म्हणजे यू-बोल्टची आवळ. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवायला असतो. आवळ गेली की सगळा जोर त्या एका बारीक बोल्टवर येतो आणि तो कातरला जातो. माझ्या गाडीत नेमके हेच झाले.

यू-बोल्ट काढून मी त्यांना आट्यांचा गेज लावला. नटाच्या लगतच्या आट्यांत गेज बसत नाही. तिथे बोल्ट लांबला आहे आणि बारीकही झाला आहे. न सुटलेल्या उजव्या बाजूच्या एका बोल्टचीही तीच अवस्था आहे. एकाही बोल्टच्या टोकावर ग्रेडची किंवा बनवणाऱ्याची खूण नाही. मग त्यातला एक पुण्यातील एका प्रयोगशाळेत कठीणपणा तपासायला दिला. १०.९ ग्रेडचा बोल्ट रॉकवेल सी मापावर ३२ ते ३९ यायला हवा. हा बोल्ट सी मापावर मोजण्याइतका कडकच नव्हता. मऊ धातूंसाठीच्या बी मापावर तो ७८ आला. म्हणजे त्याची ताणशक्ती साधारण ५०० मेगापास्कलच्या आसपास, आणि १०.९ ला हवी १००० मेगापास्कल. आपण साध्या माइल्ड स्टीलच्या सळईला आटे पाडून ती १०.९ म्हणून विकली, यापेक्षा वेगळा अर्थ मला लावता येत नाही. मॅन्युअलमधला टॉर्क चांगल्या बोल्टसाठी असतो. एवढा मऊ बोल्ट त्या टॉर्कवर ताणला जाणारच, मग तो मी आवळो की दुसरे कोणी.

पाटे स्वतः चांगले आहेत, हेही लिहितो. त्यांची कमान सारखी आहे, टोके नीट घासलेली आहेत, वजनाखाली ते छान काम करतात. म्हणूनच राग जास्त येतो. एवढे चांगले पाटे बनवणाऱ्या कारखान्याने बोल्टमध्ये काही रुपये वाचवावेत, हे मला पटत नाही.

आता आपल्या उत्तरांविषयी. पहिल्या पत्रात आपण लिहिले की संच अधिकृत केंद्रात न बसवल्यामुळे वॉरंटी रद्द झाली आहे. खोक्यावर, बिलावर किंवा जाहिरातीत ही अट कुठेही नाही. तिथे उलट घरी बसवा असे आहे. महाराष्ट्रात आपले अधिकृत केंद्र कोठे आहे, हे मी दोनदा विचारले, उत्तर नाही. त्यानंतर आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले की गाडीत बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गुन्हा आहे, तेव्हा मी प्रकरण वाढवू नये. याला मी धमकीच समजतो. नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू नये, असे ते कलम सांगते. तुटलेल्या पाट्यांच्या जागी त्याच उंचीचे पाटे टाकणे ही दुरुस्ती आहे. आणि तो खरोखर बेकायदेशीर बदल असता तर आपण तो संच उघडपणे कसा विकत आहात? आपण देऊ केलेले पुढच्या खरेदीवरील सवलतीचे कूपन मला नको आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८४ नुसार वस्तू दिलेल्या हमीप्रमाणे नसेल, किंवा तिच्या योग्य वापराच्या पुरेशा सूचना दिलेल्या नसतील, तर झालेल्या हानीला उत्पादक जबाबदार असतो. माझ्या प्रकरणात दोन्ही गोष्टी आहेत. मी राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते आणि एवढ्या रकमेसाठी शुल्कही लागत नाही, याची मी माहिती घेतली आहे.

संचाची पूर्ण किंमत, गाडी ओढून आणण्याचा खर्च, नवा ब्रेक होस, सेंटर बोल्ट आणि तपासणीचे शुल्क मला परत मिळावे. सर्व पावत्या सोबत आहेत. पण माझ्या पैशांपेक्षा दुसरी मागणी मोठी आहे. या मालाचे यू-बोल्ट ज्यांना ज्यांना विकले गेले त्या प्रत्येकाला आपण लेखी कळवावे आणि ते विनामूल्य बदलून द्यावेत. जिप्सीचे उत्पादन बंद झाले आहे, मूळ सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस अवघड होते आहे आणि मालक आपल्यासारख्यांच्याच मालावर अवलंबून आहेत. ताडोब्यात रोज पर्यटकांना जंगलात नेणाऱ्या जिप्सी आहेत, उघड्या टपाच्या, मागे माणसे बसवलेल्या. त्यांपैकी एखादीच्या एक्सलवर हे बोल्ट असतील, या विचाराने मला स्वस्थ बसवत नाही. माहितीपत्रकही बदला. टॉर्कचे आकडे छापा, पुन्हा आवळण्याची सूचना छापा, शॅकलच्या बोल्टची चूक दुरुस्त करा, आणि ते मराठी व हिंदीत द्या. घरी काम करणारा माणूस इंग्रजी वाचतोच असे नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे. आपण बोल्ट कुरिअरने परत मागवले आहेत. ते मी पाठवणार नाही. आठही बोल्ट, नट आणि कातरलेला सेंटर बोल्ट चिठ्ठ्या लावून, कोणता कोणत्या चाकाचा हे लिहून ठेवले आहेत. आपल्या अभियंत्याने जुन्नरला यावे, माझ्यासमोर मोजमाप घ्यावे, हवे तर एक बोल्ट पंचनामा करून दोघांच्या सहीने तपासणीला न्यावा. गाडीही अजून तशीच स्टँडवर उभी आहे, तीही दाखवीन.

आपला,
जिप्सीधारक ग्राहक
ता. जुन्नर, जि. पुणे

सोबत: बिल, ईमेलच्या प्रती, फोटो, तपासणी अहवाल, खर्चाच्या पावत्या.