गुरुजींचा बोरू

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. चिन्मयीला बोरूनं, म्हणजे तासलेल्या काडीच्या लेखणीनं, लिहायला शिकवतोयस हे वाचून फार आनंद झाला. आपल्या हाताला जे वळण आहे ते सर्वस्वी गुरुजींचं. त्यांचं ऋण फेडायचं तर शाल-श्रीफळापेक्षा हेच काम मला मोठं वाटतं. म्हणून त्यांची पद्धत सविस्तर लिहितो.

बोरू पेन्सिलीएवढा जाड, वीतभर लांब आणि पूर्ण वाळलेला घे. ओलसर असला तर शाईत टोक मऊ पडतं. आधी दीड-दोन सेंटिमीटरचा उतरता काप घेऊन आतला भुसभुशीत गर खरवडून काढ, मग दोन्ही बाजू सारख्या तास. मधोमध अर्धा-पाऊण सेंटिमीटर चीर दे. चीर लांबली तर दाब पडताच टोक फाकतं आणि एका रेघेच्या दोन होतात. शेवटी टोक कठीण पाटावर ठेवून एकाच दाबात तिरकं छाट. बोथट चाकूनं तंतू चिरडतात आणि रेघेची कड फुटते. चाकू मात्र तूच धर.

दौतीत कापसाचा बोळा ठेव, म्हणजे बोरू गरजेपुरतीच शाई घेतो. वहीचा कागद शाई पसरवत असेल तर कागद बदल. मुलीच्या हाताला दोष देऊ नकोस.

अक्षराची उंची टोकाच्या रुंदीच्या साधारण पाचपट ठेव. बोरू बोटांत फिरू द्यायचा नाही, हे सगळ्यात अवघड. तो फिरला की एकाच अक्षरात कुठे जाड, कुठे बारीक अशी भलतीच रेघ येते. गुरुजी म्हणूनच अक्षरं सुरुवातीला देतच नसत. आधी पानभर उभ्या रेघा, मग आडव्या, मग तिरप्या, मग अर्धगोल. मला त्यांच्या शिकवण्याचं खरं मोल इथे दिसतं. मूल कंटाळतं म्हणून हे टाळू नकोस. रोज वीस मिनिटं पुरेत.

पुढे वर्णमालेच्या क्रमानं जाऊ नको. वळण सारखं असलेली अक्षरं एकत्र घे: व, ब, क, मग ग, म, न, भ, मग प, ष, फ, मग ट, ठ, ढ. व साधला की ब आणि क निम्मे झालेच. शिरोरेघ शब्द पुरा झाल्यावर ओढायची. मोडीत ती आधी ओढून घेत, बालबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत, शेवटी. अक्षरागणिक ओढली तर जोड दिसतात आणि ओळ वरखाली होते.

अंतर तपासायचं तर पान उलटं धरायला सांग. तसं धरलं की मजकूर वाचला जात नाही, मोकळ्या जागा तेवढ्या दिसतात.

सोबत दोन तासलेले बोरू पाठवतोय. तिची रेघांची पानं टाकून देऊ नकोस, मला पाठव.

वहिनींना नमस्कार, चिन्मयीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
माधव