एवढ्या उंचावर कुठले आलेत डास? : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

मी निवृत्त आरोग्यसेवक. सातारा जिल्ह्यात घरोघरी पाण्यात वाकून अळ्या शोधण्यात नोकरी गेली. आता पाचगणीला राहतो. इथे डासांचा विषय काढला की लोक हसतात, "एवढ्या उंचावर कुठले आलेत डास?"

अगदीच खोटं नाही ते. दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. वर चढावं तशा डासांच्या जाती विरळ होतात, हिवतापाच्या जंतूची डासाच्या पोटातली वाढही रेंगाळते. पण काठमांडूची उंची जवळपास महाबळेश्वराएवढीच, आणि २०२२ मध्ये नेपाळात डेंग्यूचे ५४ हजारांवर रुग्ण निघाले तेव्हा त्या खोऱ्याला जबर फटका बसला.

ही वस्तीची करणी. रानात झाडाच्या ढोलीत, बांबूच्या खुंटात, ओढ्याकाठी निरनिराळे डास नांदतात. घरं वाढली की त्यातले बरेच मागे सरतात आणि डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास सोकावतो. त्याला माणसाचं रक्त लागतं, माणसाचीच भांडी लागतात.

भांडी आम्ही पुरवतोच. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या डोंगरावर उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांना टँकर लागतो, म्हणून दारोदार निळी पिंपं. गेल्या मे महिन्यात शेजारच्या बांधकामावर एका पिंपात बॅटरी मारली, तर अळ्या सुळकन तळाला. मुकादमाने पाणी ओतून दिलं. "झालं ना काका?" नाही झालं. काठाला काळ्या ठिपक्यांसारखी अंडी चिकटलेली होती. ती कोरडी पडूनही महिनोन्महिने तगतात. नारळाची शेंडी देऊन पिंप घासून घेतलं.

साहेब, रुग्ण निघाल्यावर धूर फवारणीची गाडी येते. धुराने उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्यांना काही होत नाही. माझी मागणी साधी आहे. वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर अशा चढत्या टप्प्यांवर कीटक समाहारकाने (डास गोळा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याने) दर महिन्याला डास पकडावेत, बाजारपेठेतले वेगळे आणि रानाच्या कडेचे वेगळे, आणि जातवार नोंद ठेवावी. किती घरांत अळ्या सापडल्या हे घर निर्देशांक सांगतो, त्या कुठल्या डासाच्या हे सांगत नाही. आणि हॉटेलांच्या टाक्या, बांधकामावरची पिंपं हंगामाच्या आधी तपासा. मे महिन्यात पर्यटकांच्या गर्दीत कोण दार उघडतो?

माणूस पाठवलात तर घाटातल्या दोन-तीन जागा मी दाखवीन. गुडघे अजून शाबूत आहेत.

आपला,
एक निवृत्त आरोग्यसेवक, पाचगणी