जुन्या गोव्यातली ती टेकडी कोणाची?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सांकवाळला संत जुझे वाझ यांचे फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव, झाले त्याची आपण दिलेली बातमी काल वाचली. फोटो चांगला मोठा छापला आहे. व्यासपीठावर कोण बसले, वाहतूक कुठून वळवली, गाड्या ठेवायला जागा कशी पुरली नाही, फेरीच्या बाजारात खाजे कसे खपले, सगळे आले. ज्यांच्यासाठी ही माणसे एवढ्या लांबून आली त्या संत जुझे वाझ यांच्या वाट्याला शेवटची दीड ओळ : श्रीलंकेत जाऊन त्यांनी धर्मकार्य केले. ही ओळ कुठल्याही पाद्रीच्या नावापुढे लावता येईल. गेल्या वर्षीच्या बातमीतही हेच होते, मला आठवते.

मी ख्रिस्ती नाही. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि फेस्ताला मी नेमाने जातो. म्हणून हे माझे काम नव्हे असे कोणी सांगू नये.

वाझ यांनी काय उभे केले ते तरी लिहायचे होते. त्यांच्या काळी, सतराव्या शतकात, गोव्यात युरोपीय धर्मसंघांचे, म्हणजे व्रतस्थ पाद्रींच्या संघटनांचे, मोठमोठे मठ होते. सासष्टीत जेझुइट, बारदेशात फ्रान्सिस्कन. गोमंतकीय तरुण शिकून पाद्री झाला तरी या संघांत त्याला सहसा प्रवेश नसे. त्याने गोऱ्या विगाराच्या, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रीच्या, हाताखाली राबायचे, एवढेच. अशा वेळी काही गोमंतकीय पाद्री एकत्र येऊन राहू लागले होते. १६८५ मध्ये वाझ त्यांना जाऊन मिळाले. जुन्या गोव्याच्या टेकडीवर, क्रूस दुस मिलाग्रिस या इगर्जीपाशी म्हणजे चर्चपाशी, त्यांनी या मंडळींना रोमच्या संत फिलिप नेरींच्या संघाच्या धर्तीवर नियम घालून दिले, शिस्त लावली आणि संघाचे रूप दिले. आपल्या माणसांनी चालवलेला हा पहिला संघ. पुढे त्यात ख्रिस्ती ब्राह्मणांनाच घेत, हेही सांगितले पाहिजे. संताचा गौरव करताना इतिहासातली अडचणीची पाने फाडून टाकायची नसतात. पण युरोपीय संघांनी नाकारलेल्या माणसांनी स्वतःचे घर बांधले, हे त्यामुळे खोटे ठरत नाही.

पुढच्याच वर्षी ते लंकेला निघाले. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना घेतले होते. कॅथलिक पाद्रींना तिथे बंदी होती. वाझ भिकाऱ्याच्या वेषात जाफन्यात शिरले. तमिळ शिकले, मग सिंहली. जवळजवळ दहा वर्षे त्या बेटावर ते एकटेच पाद्री होते. १६९२ मध्ये कँडीला, स्वतंत्र सिंहली राज्याच्या राजधानीत, पोचले तर पोर्तुगीजांचा हेर म्हणून राजाने धरून ठेवले. त्याच कँडीत १६९७ मध्ये देवीची साथ आली. घरच्यांनीच रोग्यांना बाहेर काढून टाकले, आणि हा कालपर्यंतचा कैदी आपल्या भाच्याला बरोबर घेऊन त्यांना पाणी पाजत, त्यांच्या जखमा धूत आणि मेलेल्यांना पुरत फिरला. एवढे एक जरी आपल्या बातमीत आले असते तरी मी हे पत्र लिहिले नसते.

राजसत्ता पाठीशी नव्हती. लंकेत पोर्तुगीज उरलेच नव्हते, उलट पोर्तुगीजांशी संबंध असणे हाच तिथे धोका होता. तरी १६ जानेवारी १७११ रोजी वाझ कँडीत वारले तेव्हा काम थांबले नाही, कारण मागे माणसे तयार होती. जुन्या गोव्याजवळच्या दिवाडी बेटाचे पाद्री जाकोमे गोन्साल्विस १७०५ मध्ये तिथे गेले आणि सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक ठरले. आपल्या दिवाडीचा माणूस! लंकेत त्यांचे नाव आदराने घेतात. दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीत दहा जणांना विचारून पाहा, किती सांगतात. गोव्याहून पाद्री जात राहिले ते १८३५ मध्ये इथला संघच सरकारी हुकमाने मोडेपर्यंत.

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता जुन्या गोव्यात एक वयस्क सिंहली जोडपे भेटले. फ्रान्सिस झेवियर यांचे शव असलेले बॉम जेझू चर्च पाहून झाले होते. फादर वाझ जिथून आमच्याकडे आले ती जागा कुठे, असे त्यांनी मला विचारले. मला टेकडी माहीत होती, वाट नव्हती. मी एका गाइडला विचारले. त्याने फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाची माहिती सुरू केली. मेणबत्त्या विकणाऱ्या बाईला ठाऊक नव्हते. एका कचेरीत गेलो, तिथल्या साहेबांनी मान वर न करता ‘तिथे पाहण्यासारखे काही नाही’ म्हणून सांगितले. शेवटी विचारत विचारत आम्ही वर चढलो. रान माजलेले, भिंतींवर झाडे उगवलेली, कुठे फलक नाही, नाव नाही. त्या बाईंच्या साडीला काटे लागले होते. त्यांनी तिथेच उभ्याने प्रार्थना केली आणि मग सरळ विचारले, हे कोण सांभाळते? मला उत्तर देता आले नाही. आमच्या घराण्यातल्या किती पिढ्यांचे बाप्तिस्मे गोव्याच्या पाद्रींनी केले, ते त्यांचे यजमान मला सांगत होते आणि मी मान खाली घालून ऐकत होतो. तो संताप अजून गेलेला नाही.

१९९५ मध्ये वाझ यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले ते कोलंबोत. १४ जानेवारी २०१५ रोजी संतपद दिले तेही कोलंबोत, गॉल फेसच्या मैदानावर लाखोंच्या साक्षीने. ते योग्यच झाले, त्यांनी आयुष्य तिथे दिले. पण बाणावलीत जन्मलेल्या आणि सांकवाळ ज्यांच्या बापाचा गाव त्या माणसाने जिथे आपला संघ उभारला, तिथे एक फलक आणि चालता येईल अशी वाट एवढे तरी आपल्याला जमायला हवे. मोठे स्मारक नको, पुतळा तर नकोच. रान साफ करा, उरलेल्या भिंती पडू देऊ नका, आणि कोकणी, मराठी, इंग्रजी, तमिळ व सिंहली अशा पाच भाषांत चार ओळी लिहा. शाळांच्या सहली बॉम जेझूला जातातच, त्या मुलांना अर्धा तास वर न्या. फेस्ताच्या मांडवावर होणाऱ्या खर्चातला थोडासा भागही याला पुरेल.

आपल्या वार्ताहरांनी एकदा त्या टेकडीवर जाऊन यावे. वाट मी दाखवीन.

जाता जाता आणखी एक. याच विषयावर मी पूर्वी आपल्याला पत्र पाठवले होते. ते अर्धे कापून छापले, आणि कापलेल्या भागातच टेकडीचा उल्लेख होता. वाचकांच्या पत्रांची जागा दिवसेंदिवस आखडते आहे आणि शेजारच्या जाहिराती वाढताहेत. जागा नसेल तर हे पत्र दोन दिवसांनी छापा, पण पुरे छापा.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, वास्को