रोहिणीताई, तुमच्यामुळे मी काठी टाकली

आदरणीय रोहिणी हट्टंगडी यांना,
सा. न.

आपली ओळख नाही. राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावर उतरणाऱ्या एका हौशी संघात मी काम करते. यंदा तिशीच्या आत असताना वाट्याला सत्तरीची आजी आली. नायिका हुकली म्हणून घरचे हळहळले. मला धास्ती वेगळीच होती. आमच्याकडे म्हातारी म्हणजे केसांना पांढरी पावडर, कमरेत वाक, आवाजात कंप. अशी आजी स्टेजवर आली की पिटातून हशा ठरलेला.

तालमी सुरू असताना 'सारांश' पुन्हा पाहिला. १९८४ साली, पार्वती प्रधान साकारताना तुम्ही जेमतेम तेहेतिशीच्या होतात. पण म्हातारपण 'करून दाखवणं' त्यात कुठे सापडेना. गेलेला मुलगा घरात राहणाऱ्या तरुणीच्या पोटी परत येणार, या एका आशेवर ती बाई जगते. तिचं मध्येच उजळणं, नवऱ्याचं ऐकून न ऐकणं, सगळं तिथूनच येतं. वय आपसूक मागून येतं. दुसऱ्या दिवशी तालमीत मी काठी बाजूला ठेवली. माझ्या आजीला काय हवंय तेवढंच धरलं: तिला गावचं घर विकू द्यायचं नाहीये. कंबर सरळच राहिली आणि दिग्दर्शकांनी पहिल्यांदाच मला मध्ये थांबवलं नाही.

मग तुमचं जमेल तेवढं काम शोधून पाहिलं, वाचलं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या हाताखालचं शिक्षण, काबुकी या जपानी शैलीतलं नाटक, पुढे जयदेव हट्टंगडींच्या दिग्दर्शनाखालचा 'अपराजिता' हा एकटीने पेललेला प्रयोग. मला सगळ्यात अचंबा वाटला तो १९८१ सालाचा. 'गांधी'चं चित्रीकरण त्याच वर्षी संपलं आणि त्याच वर्षी तुम्ही तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये मित्रा झालात. इकडे कस्तुरबा, तिकडे दुसऱ्या मुलीवर प्रेम करणारी कॉलेजकन्यका! ब्रिटनचं बाफ्टा पारितोषिक 'गांधी'ने मिळवून दिलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मित्राबद्दल मात्र आमच्या संघातल्या निम्म्या मुलींना काही माहीत नव्हतं. त्या काळच्या मराठी प्रेक्षकासमोर ती भूमिका घेऊन उभं राहणं मला बाफ्टापेक्षा अवघड वाटतं.

हिंदी सिनेमाने तुम्हाला आईच्या साच्यात कोंबलं याचा मला राग येतो. 'अग्निपथ'मध्ये तर चक्क वयाने मोठ्या अमिताभची आई! तरी एकही आई दुसरीसारखी केली नाहीत. 'चार दिवस सासूचे' आमच्या घरी जेवणाच्या ताटावर पाहिली जायची. मालिका फार ताणली, हे तुम्हालाही सांगायला हरकत नसावी. पण तीन हजारांवर भागांत आशालता देशमुख कंटाळलेली दिसली नाही, ही शिस्त आम्हाला दहा प्रयोगांतही जमत नाही.

स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस दुसऱ्या केंद्रावरच्या मुलीला गेलं. तिचं काम चांगलंच होतं. आमच्या प्रयोगानंतर एक बाई रंगपटात आल्या. मी तोंड पुसून बसले होते. त्यांनी मलाच विचारलं, "त्या आजी निघून गेल्या का हो?" त्या शाबासकीतला तुमचा वाटा पोचता करावा, म्हणून हे पत्र.

आपली नम्र,
सांगलीची एक हौशी नटी